जुना टर्नटेबल दुरुस्त करून वाजवायचा की कपाटावर शोभेला ठेवायचा?

मंद्रसप्तक
मागच्या एका चर्चेत कोणीतरी ठणकावून लिहिलं की जुना टर्नटेबल म्हणजे पैसे खाणारं यंत्र, ज्याला रेकॉर्डच ऐकायच्यात त्याने नवीन घ्यावा आणि बाकीच्यांनी फोनवर ऐकावं. मला हे अजिबात पटत नाही म्हणून वेगळा धागा काढतोय.

गॅरार्ड कंपनीचा 301 हा टर्नटेबल आला 1954 ला, 401 आला 1965 ला, इंग्लंडमधल्या स्विंडनच्या कारखान्यातून. आजही हे डेक चालू स्थितीत आहेत आणि रोज वाजतात. कारण आत बघितलं तर लपवलेलं काहीच नाही, एक दणकट मोटर, तिच्यावर पायऱ्यांची पुली, मध्ये रबराची आयडलर चकती आणि ती चकती जड प्लॅटरला, म्हणजे रेकॉर्ड ठेवायच्या थाळीला, आतून फिरवते, बस. स्क्रू काढा, साफ करा, बेअरिंगला तेल द्या, परत बसवा. बरं आपल्याकडे एकेकाळी घरोघरी असलेल्या एचएमव्ही फिएस्टासारख्या साध्या रेकॉर्ड प्लेअरच्या पेटीलासुद्धा हेच लागू आहे, कोणीही थोडा हात चालणारा माणूस उघडू शकतो. आजच्या किती वस्तूंबद्दल असं म्हणता येईल? माझं म्हणणं सरळ आहे, यंत्र वाजतं ठेवलं तरच ते टिकतं. नुसतं मांडून ठेवलं की ग्रीस घट्ट होतं, रबर टणक होतं आणि मग खरंच ते शोभेचंच उरतं.

सिग्नलनॉइज
यंत्राबद्दल प्रेम असेल तर जरूर ठेवा, पण त्याच्या आडून "आवाज जास्त चांगला" हे जे चालतं ना त्याला माझा विरोध आहे. सीडी 1982 ला आली तेव्हाच तिची डायनॅमिक रेंज, म्हणजे सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर, 96 डेसिबल होती, चांगली एलपी (मिनिटाला 33⅓ फेरे फिरणारी रेकॉर्ड) साठ-सत्तरच्या आसपास थांबते. शिवाय एलपीच्या बाहेरच्या कडेला सुईखालून खोबण सेकंदाला जवळपास 50 सेंटीमीटर वेगाने सरकते आणि लेबलजवळ पोचेपर्यंत तोच वेग 20-21 वर येतो. म्हणजे रागाचा द्रुत भाग, जिथे ताना आणि तबला सगळ्यात दाट असतात, तो नेमका सगळ्यात कमी जागेत कोंबलेला. फाटलेला आवाज तिथेच येतो. हा दोष कुठलाही मेकॅनिक काढू शकत नाही, तो माध्यमातच आहे.

आणि फिएस्टाचं कौतुक करताना हेही सांगा की त्यातलं सिरॅमिक कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) रेकॉर्डवर चांगलंच जड बसतं, चांगलं मॅग्नेटिक कार्ट्रिज दीड-दोन ग्रॅमवर काम करतं. आजोबांच्या एलपी त्या पेटीवर रोज वाजवणं म्हणजे त्यांचा भुगा करणं. सुटे भाग हा तर आणखीन वेगळा विषय, शुअरने 2018 मध्ये कार्ट्रिज बनवणंच बंद केलं, तेव्हापासून असली सुई म्हणून काय काय विकलं जातंय ते बाजारात जाऊन बघा.

पानापक्कड_सांगली
मी रिपेअरिंगच करतो त्यामुळे दोन्ही बाजू रोज बघतो. सिग्नलनॉइज साहेबांचं सुईबद्दलचं शंभर टक्के बरोबर. पण लोकांचे पैसे जातात ते वेगळ्याच ठिकाणी. नातेवाइकाने अमेरिकेतून आणलेला जुना डेक येतो, घरात स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लावलेला असतो, 110 व्होल्ट झाले म्हणजे काम झालं असं वाटतं. व्होल्ट झाले हो, पण सायकलचं, म्हणजे विजेच्या फ्रीक्वेन्सीचं (हर्ट्झ) काय? तिकडे 60, आपल्याकडे 50, आणि ही मोटर सायकलवर चालते. पुली बदलली नाही तर 33⅓ चा डेक 28 च्या खाली फिरतो. काळी चारमध्ये गाणारी बाई पांढरी चारच्याही जरा खाली उतरते आणि ऐकणारा म्हणतो काय भारदस्त आवाज आहे जुन्या काळचा! 50 सायकलची पुली बसवली की प्रश्न संपला. टेक्निक्स एसएल-1200 एमके2 सारख्या क्वार्ट्झवाल्या डायरेक्ट ड्राइव्हला (मोटर थेट प्लॅटर फिरवते आणि वेग क्वार्ट्झ स्फटिक सांभाळतो) ही भानगड नाही, तिथे फक्त व्होल्टेज बघा.

दुसरं म्हणजे धपधप आवाज. डेक वर्षानुवर्षं गिअरमध्ये अडकून पडला की मोटरची पुली रबराच्या चकतीत रुतते आणि तिथे खड्डा पडतो, मग प्रत्येक फेऱ्याला धप. नखाने दाबून बघा, रबर दबलं नाही तर ती चकती पुसून काही होणार नाही, नवीन रबर चढवावं लागतं.

शेलॅकताई
मी विरोधात आहे, पण कारण वेगळं. माझ्याकडे घरातल्या 78 च्या (मिनिटाला 78 फेऱ्यांच्या) जुन्या तबकड्या आहेत, नाट्यसंगीत आणि ख्याल. त्या परत छापल्या जाणार नाहीत. प्रत्येक वेळी वाजवताना थोडी झीज होतेच. मग योग्य सुईने एकदा नीट डिजिटल करा आणि तबकडी उभी, कोरड्या जागी ठेवा, हाच शहाणपणा. एलपीची सुई या तबकड्यांना चालत नाही, 78 ची खोबण बरीच जास्त रुंद, ती सुई तळाला घासते आणि नुसती खरखर ऐकू येते.

आणि मंद्रसप्तक, तुमचा धागा वाचून कोणी उत्साहाने साफसफाईला बसणार असेल तर कळकळीने सांगते, एलपीसाठी मिळणारं अल्कोहोलवालं लिक्विड 78 ला लावू नका!! ती तबकडी लाखेची आहे, लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, खोबणीच पुसली जाईल. डिस्टिल्ड पाण्यात एखादा थेंब सौम्य साबण, मऊ ब्रश, लेबलला पाणी लागू द्यायचं नाही आणि लगेच कोरडं करायचं. पावसाळ्यात कव्हरवर बुरशी धरते तेव्हा तर लोक काहीही फासतात.

मंद्रसप्तक
ताई, अल्कोहोलचं लिहिलंत ते फार बरं केलंत. पण "एकदा डिजिटल करा आणि ठेवून द्या" याच्याशी मी सहमत नाही. ते एकदा कशावर करणार? सुरुवातीच्या काळातल्या कितीतरी रेकॉर्ड बरोब्बर 78 वर मुद्रित झालेल्याच नाहीत, कोणी 72, कोणी 80. नेटवर चढवलेली जुनी गाणी ऐका, एकच गाणं तीन ठिकाणी तीन पट्टीत. एकदा चुकीच्या वेगाने फाइल झाली की पुढची पिढी तीच पट्टी खरी मानणार. 301 ला वेग कमीजास्त करायचं बटन आहे, तंबोरा किंवा हार्मोनियम शेजारी घेऊन कानाने सूर जुळवता येतो. म्हणून मूळ तबकडी पण हवी आणि तिला वाजवणारं यंत्र पण चालू हवं.

सिग्नलनॉइज
वेग सॉफ्टवेअरमध्ये नंतर हवा तितका बदलता येतो, त्यासाठी सत्तर वर्षांपूर्वीचा डेक कशाला? आणि 78 फक्त जुन्यावरच वाजतात असंही नाही, टेक्निक्सने 2016 मध्ये एसएल-1200 परत आणला त्यात 78 आहे, वेग कमीजास्त करायचा पिच कंट्रोलही आहे. घरघर कमी, हमी मिळते, सुई दुकानात मिळते. पट्टी ठरवायला कान लागतो हे मान्य, पण तो कान नव्या डेकवर पण तेवढाच चालतो की.

शेलॅकताई
सॉफ्टवेअरचं बरोबर, पण कुठल्या वेगाने वाजवली, कुठली सुई वापरली हे फाइलसोबत लिहून ठेवायला हवं. ते कोणीच करत नाही म्हणून घोळ होतो. मंद्रसप्तकांची भीती तेवढ्यापुरती खरी आहे.

पानापक्कड_सांगली
जुना असो की नवा, आधी वेग तपासा. 50 सायकलची स्ट्रोब चकती (वेग तपासायच्या रेघा असलेली) कागदावर छापून मिळते, 33⅓ साठी 180 रेघा, 78 साठी 77. फिरताना रेघा जागच्या जागी उभ्या दिसल्या की वेग बरोबर. मात्र चांगल्या एलईडी बल्बखाली बघाल तर काहीच कळणार नाही कारण तो लुकलुकत नाही, निऑनचा छोटा इंडिकेटर दिवा घ्या, इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. आणि सुई ठेवून, रेकॉर्ड वाजत असताना बघायचं. रिकामा प्लॅटर बघून बरेच जण खूश होतात, रबर घसरतं ते वजन पडल्यावर.