शाळा सुरू झाल्यापासून पोरगा रोज पोट दुखतं म्हणतो, कुणाला दाखवू? (डिचोली)

डिचोलीची_आई, मार्च 2022
मुलगा सात वर्षांचा. लॉकडाऊन लागला तेव्हा केजीत होता, आता एकदम दुसरीच्या वर्गात बसलाय. रोज सकाळी पोटात दुखतं, रविवारी नाही, म्हणून सासूबाई म्हणतात नाटकं. गेल्या मे महिन्यात घरात सगळे पॉझिटिव्ह, आजोबांना हॉस्पिटलात नेलं ते परत आलेच नाहीत, याच्या नाकात टेस्टची काडी घातलेली ती हा अजून विसरला नाहीये, दवाखान्याच्या पायरीवरच रडतो. पाच वर्षांच्या लसीचा बूस्टरपण भीतीपोटी राहिलाय. थेट काउन्सेलर बघू का?

नेवरी
आधी मुलांचे डॉक्टर. टेन्शनने पोट खरंच दुखतं, नाटक नसतं ते, पण सगळंच टेन्शनवर ढकलू नका. माझ्या मुलीचं मी कोविडची भीती म्हणून सोडून दिलेलं आणि निघाली बद्धकोष्ठता, शाळेच्या संडासात जायला नको म्हणून बाईसाहेब दाबून ठेवायच्या! रात्री दुखून जाग येत असेल, वजन उतरत असेल, शीमधून रक्त, सारख्या उलट्या, तर आजच जा.

सत्तरीचा_बाबा
बूस्टरचं सांगतो. राहिला म्हणून पहिल्यापासून सुरू करत नाहीत. सात पूर्ण झाली असतील तर डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताची लस) नाही, टीडी (धनुर्वात-घटसर्पाची) देतात, कार्ड घेऊन आरोग्य केंद्रात जा. नर्स ओरडेल म्हणून मी घाबरलेलो, काही बोलली नाही. 2020 मध्ये देशात 30 लाखांवर बाळांना डीपीटीचा पहिला डोसच मिळाला नव्हता, तुम्ही एकट्या नाही. फक्त "इंजेक्शन नाही हां" असं खोटं सांगून नेऊ नका. मी नेलं, आता गाडीत बसवलं की आधी विचारतो कुठे चाललोय.

फोंडेकर
डॉक्टर म्हणाले पोट ठीक आहे तर मग बांबोळीचं आयपीएचबी, म्हणजे सरकारी मनोरुग्णालय, नाव ऐकून लोक भुवया उंचावतात ते सोडा. मानसिक आरोग्याची संगत संस्थापण मुलांसाठी काम करते, 1996 पासून गोव्यातच आहे. दुखलं की घरी ठेवता का? त्याने उलट वाढतं, बाईंशी बोलून थोडे दिवस दोन-दोन तास तरी पाठवा. आणि आजोबांचं त्याच्याशी कोणी बोललंय का?

डिचोलीची_आई
नाही हो. गावाला गेलेत म्हणून सांगितलेलं. काल रात्री हे वाचून त्याला जवळ घेऊन विचारलं, तर म्हणतो मी शाळेत असताना तुला पण न्यायला गाडी आली तर? मला काही बोलताच येईना. सोमवारची अपॉइंटमेंट घेतलीय. लसीचं कार्ड शोधतेय, सासूबाईंनी रेशनकार्डासोबत कुठेतरी ठेवलंय.