मदत हवी आहे: सर नाचवतात तेव्हा बायको नाचते, मी नाचवतो तेव्हा भांडण होतं

नमस्कार मंडळी,

वय ५४, राहणार वेंगुर्ल्याजवळच्या एका वाडीत. वाडीच्या भजनात वर्षानुवर्षं पखवाज आणि तबला वाजवतो. नाचाशी संबंध म्हणाल तर शिमग्यातल्या चार पावलांपुरता. गेल्या वर्षी हिच्या मैत्रिणीच्या मुलीच्या लग्नाला म्हापशाला गेलो होतो. ख्रिस्ती लग्न. नवरा-नवरीचा पहिला वॉल्ट्झ (जोडीने गोल फिरत करायचा नाच) झाला आणि मग साठी-सत्तरीची जोडपीही उठली. आम्ही आपले खुर्चीत, हातात कटलेटची प्लेट. परत येताना तेरेखोलच्या पुलावर ही म्हणाली, "आपण शिकूया काय ओ?" मी हो म्हणून बसलो.

शोधाशोध करून एक सर मिळाले. पूर्वी बोटीवर होते, तिथे प्रवाशांना नाच शिकवायचे. आता गावी परतलेत. क्लास नाही, बोर्ड नाही, हाताखाली कोणी नाही. दर रविवारी सावंतवाडीत एका ओळखीच्या घराच्या वरच्या हॉलमध्ये येतात. दोघांचे मिळून तासाला ६०० रुपये. माणूस सज्जन, वेळेचा पक्का. दिवाळीनंतर सुरू केलं, आता मे आला.

अडचण अशी. सर हिला घेऊन नाचतात, मी मागे उभा राहून त्यांच्या पायांची नक्कल करतो. शेवटची दहा मिनिटं आम्हा दोघांची. सरांबरोबर ही अशी फिरते की वाटावं जन्मभर हेच करत आली. माझ्याबरोबर दुसऱ्याच वळणाला गुडघ्याला गुडघा. "तुमी माका वडतास, नाचवणास नाय," हे दर रविवारी ऐकतो. घरी खळ्यात सराव केला तर तिथेही तेच, वर पाणंदीतून जाणारा येणारा थांबून बघतो तो वेगळाच.

ताल चुकत नाही, हे नम्रपणे सांगतो. वॉल्ट्झ तीन मात्रांचा. मला तो दादराच वाटतो. पहिल्या तीन मात्रांना डाव्या पायाने पुढे, पुढच्या तिनांना उजव्याने मागे, म्हणजे बॉक्स स्टेप (पावलांचा चौकोन) पूर्ण व्हायला बरोबर सहा मात्रा. समेला डावा, खालीला उजवा. हे सापडलं त्या दिवशी मला झोप आली नाही. (मधे एक महिना व्हिएनीज वॉल्ट्झच्या गाण्यांवर सराव केला. तो जवळजवळ दुप्पट वेगाचा असतो हे कोणी सांगितलं नव्हतं. तेव्हाची भांडणं मी हिशोबात धरत नाही.)

दुसरा घोळ व्हिडिओंचा. त्यात पुरुष उजव्या पायाने सुरुवात करतो, आमचे सर डाव्याने. सर रुंबा हा दुसरा नाचही शिकवतात, तो तर व्हिडिओत पूर्ण वेगळाच दिसतो. सर चुकीचं शिकवतायत का?

आणि आता सर तीन महिन्यांचे पैसे आगाऊ मागतायत. द्यावेत का? की हे माझं वयच नव्हे? सरांना तोंडावर विचारायला जीभ रेटत नाही. आमच्यात बुवांना कोणी "तुमचं शिकवणं जमत नाही" म्हणत नाही.

कोकम सरबत:
वयाचं सोडा, मी ४७ व्या वर्षी पुण्यात सुरुवात केली. तुमचे सर चुकीचे नाहीत. बॉलरूमच्या, म्हणजे असल्या जोडीनाचांच्या, दोन मोठ्या शैली आहेत, इंटरनॅशनल आणि अमेरिकन. अमेरिकन वॉल्ट्झ साधारण डाव्या पायाच्या बॉक्सने शिकवतात. इंग्लंडकडच्या, म्हणजे इंटरनॅशनल पद्धतीत बहुतेक वेळा उजव्या पायाच्या क्लोज्ड चेंजने (तीन पावलं, तिसऱ्याला पाय जुळवायचे) सुरुवात होते. रुंबाचंही तसंच. अमेरिकनमध्ये तो चौकोनात, स्लो-क्विक-क्विक. इंटरनॅशनलमध्ये "दोन, तीन, चार-एक" मोजतात, चौकोन नाही. बोटीवर अमेरिकन प्रवासी जास्त असतील तर सर तेच शिकले असणार. व्हिडिओ बघायचेच तर "अमेरिकन" लिहून शोधा, नाहीतर बंद करा. वॉल्ट्झचा वेग मिनिटाला ८४ ते ९० मात्रा ठेवा.

खरा प्रश्न मला वेगळा दिसतो. सर तुमच्याबरोबर कधी नाचलेत का?

मूळ प्रश्नकर्ता:
नाही. दोन पुरुषांनी कसं नाचणार? हॉलच्या खिडक्या रस्त्याकडे आहेत.

कोकम सरबत:
मग खिडक्या लावा. तुम्ही पाय शिकलात, लीड (जोडीदाराला अंगाने दिशा देणं) शिकला नाहीत, कारण लीड मागून बघून दिसत नाही. तो अंगाला कळावा लागतो. सरांनी एकदा पुरुषाची बाजू घेऊन तुम्हाला नाचवायला हवं आणि एकदा बाईची बाजू घेऊन तुमच्या हाती यायला हवं. चांगला शिक्षक दोन्ही बाजू जाणतो. हे विचारणं म्हणजे उद्धटपणा नाही. पखवाज शिकताना बुवांनी तुमचा हात धरून थाप घालून दाखवलीच असेल ना?

माडाची सावली:
वहिनींच्या बाजूने दोन शब्द. त्यांना फुगडी येत असणार, आपल्याकडे कोणाला येत नाही! फुगडीत दोघी मागे झुकून एकमेकींच्या ओढीवर उभ्या असतात, एकीने हात सोडला तर दोघी पडतात. वॉल्ट्झमध्ये उलट, दोघांनी आपापल्या पायांवर उभं राहायचं. मी पहिले सहा महिने नवऱ्याच्या डाव्या हाताला फुगडीसारखी लटकत होते आणि वर त्यालाच "ओढतोस" म्हणत होते.

एक सराव सांगते. हात घट्ट धरू नका, एकमेकांच्या कोपरांखाली नुसते टेकवा. पाऊल टाकायचं नाही. तुम्ही फक्त वजन एका पायावरून दुसऱ्यावर न्या, वहिनींनी डोळे मिटून सांगायचं, कुठला पाय मोकळा झाला ते. दहापैकी आठ वेळा बरोबर आलं की मग पाऊल. आणि उजवा हात त्यांच्या डाव्या खांद्याच्या पात्यावर ठेवा, कमरेवर नको. कमरेवरचा हात ढकलतोच.

शिवाय त्यांना बॉक्स पाठ झालाय, म्हणून तुमच्या आधीच त्या निघत असतील. मधेच बॉक्स मोडून नुसते उभे राहा. थांबल्या तर त्या ऐकतायत. नाही थांबल्या तर अर्धी चूक तिकडची, पण हे माझं नाव न सांगता बोला.

चिऱ्याची भिंत:
खळ्यात वळणं घेऊ नका. रबरी तळ सारवलेल्या जमिनीवर किंवा कोब्यावर अडकतो, पाय तिथेच राहतो आणि गुडघा फिरतो. माझा फिरलाय. घरात गुळगुळीत फरशीवर करा, पण मोजे घालून नको, तो दुसऱ्या टोकाचा प्रकार, पाय घसरतो. नाचाच्या बुटांना मऊ चामड्याचा तळ असतो, ते घालून अंगणात उतरायचं नाही, ओल्यात तर नाहीच. तळ चपटा पडला की तारेच्या ब्रशने घासायचा.

पैशांबद्दल: एकट्याने शिकवणारा माणूस आजारी पडला, मुंबईला गेला, तर तुमचे तीन महिने कोणाकडे मागणार? चार तासांचे द्या, वहीत तारखा लिहा आणि चुकलेला तास पुढे धरायचा की बुडाला, हे आधीच ठरवून घ्या. त्यांचीही बाजू आहे हो, एका रविवारसाठी सावंतवाडीपर्यंत यायचं आणि समोरचा ऐनवेळी "पाहुणे आले" म्हणतो.

मूळ प्रश्नकर्ता (पंधरा दिवसांनी):
विचारलं. सर म्हणाले, "या." खिडक्या लावल्या. त्यांनी माझा डावा हात हातात घेतला, दुसरा हात माझ्या दंडावर ठेवला आणि मी बॉक्स सुरू केला. सर जागचे हलले नाहीत. मी पुन्हा सुरू केला, पुन्हा तसेच उभे. म्हणाले, "तुम्ही मला अजून काही सांगितलंच नाही, फक्त हात दाबलात." ही कोपऱ्यात हसून हसून खाली बसली. तिसऱ्यांदा अंग आधी नेलं, तेव्हा ते निघाले.

डोळे मिटून वजन ओळखण्यात आम्ही दहापैकी सहावर आहोत. उरलेल्या चारांत चूक कोणाची यावर अजून एकमत नाही. चार तासांचे पैसे दिले, वही घातली, सरांनीच वर तारखा लिहिल्या.

बूटही आणले. आता मिरग तोंडावर आलाय आणि आमच्या कपाटात चामड्याच्या पट्ट्यालासुद्धा दर पावसात बुरशी येते. कोणीतरी सुचवलं की तांदळाच्या डब्यात ठेवा. हिने नुसतं माझ्याकडे बघितलं. दुसरा काही उपाय असेल तर सांगा.