पाळी ३२-३६ दिवसांची, मग 'चौदावा दिवस' कुठून मोजायचा?

मोगरा९६:
वय २९, पाळी ३२ ते ३६ दिवसांनी. दिवस राहावेत म्हणून प्रयत्न चालू आहेत. ॲप बीज सुटायचा दिवस म्हणून चौदावा दाखवतं, म्हणून सात महिने बाराव्या ते सोळाव्या दिवसापर्यंत प्रयत्न केले. एलएच (बीज सुटण्याआधी वाढणारं संप्रेरक) तपासायच्या लघवीच्या पट्टीवर दुसरी रेघ फिकट येते, ती धरायची का? आणि आधी आठ-दहा दिवस संबंध टाळले की शुक्राणू 'साठतात', हे खरं का?

केतकी:
ॲपने घोळ घातलाय. बीज सुटतं ते पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी. म्हणजे ३२ दिवसांच्या महिन्यात अठराव्या दिवसाच्या आसपास, ३६च्या महिन्यात बाविसाव्या. तुम्ही सोळाव्याला थांबता, खरे दिवस बहुतेक त्यानंतरच येतात! शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत तग धरतात, बीज जेमतेम १२ ते २४ तास. म्हणून शुक्राणू आधीच पोचलेले हवेत. तेराव्यापासून बाविसाव्यापर्यंत दिवसाआड ठेवा.

फिकट रेघ म्हणजे 'नाही'. चाचणीची रेघ कंट्रोलच्या (पट्टी चालते हे दाखवणाऱ्या) रेघेइतकी किंवा जास्त गडद हवी. पंधराव्या दिवसापासून रोज दुपारी ठरलेल्या वेळी करा, आधी दोन तास पाणी बेताने प्या, नाहीतर लघवी पातळ होऊन रेघ उमटत नाही. पट्टी वाळल्यावर दिसलेली रेघ धरू नका. गडद झाली की साधारण २४ ते ३६ तासांत बीज सुटतं. तो दिवस आणि दुसरा चुकवू नका. पीसीओएस (अंडाशयाचा, संप्रेरकं बिघडवणारा त्रास) असेल तर पट्टी फसवू शकते, कारण एलएच मुळातच चढलेलं असतं.

रानजाई:
+१. पट्ट्यांचा खर्च नको तर योनीतला स्राव बघा. चिकट, पांढुरका असला तर अजून अवकाश आहे. कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा पारदर्शक, दोन बोटांत तार धरणारा झाला की तेच दिवस. रोज सकाळचं तापमान टिपायची वही मात्र उशिरा सांगते, तापमान चढतं तेव्हा बीज सुटून गेलेलं असतं. संबंधाच्या वेळी वंगण म्हणून थुंकी आणि साधी जेली टाळा, शुक्राणूंची हालचाल मंदावते. पाय भिंतीला लावून पडून राहायची गरज नाही.

लॅबवाला:
सगळा हिशोब बाईच्याच माथी का? शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, तेव्हा गुटखा-सिगारेट आज सोडली तरी फरक तितक्याने दिसेल. जिममधलं टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन तर शुक्राणूंची निर्मितीच बंद पाडू शकतं. साठवण्याबद्दल: फार दिवस थांबलं तर संख्या वाढते, पण हालचाल मंदावते. वीर्य तपासणीसाठी २ ते ७ दिवसांचं अंतर ठेवा. नमुना घरून न्यायचा तर अंगाच्या उबेला धरून तासाभरात पोचवा. साध्या कंडोममध्ये नको, त्यातला लेप शुक्राणूंना मारक असतो. एक रिपोर्ट वाईट आला तर पुन्हा करा, मगच काळजी.

मोगरा९६:
धन्यवाद! औषधवाल्याने फॉलिक ॲसिडची ५ मिलिग्रॅमची गोळी दिलीय, चालेल?

केतकी:
बहुतेकींना रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरतं. ५ मिलिग्रॅम मधुमेह, फिट्सची औषधं किंवा आधीच्या बाळाच्या मणक्यात दोष असेल तर, तेही डॉक्टरांनी सांगितलं तरच. गर्भ राहायला त्याची मदत होते असं समजू नका. ते बाळाच्या मज्जारज्जूसाठी, आणि दिवस राहण्याच्या किमान महिनाभर आधीपासून. पस्तिशीच्या आत वर्षभर थांबा म्हणतात, पण तुमची पाळी ३५ दिवसांच्या पुढे जातेय, तेव्हा टीएसएच (थायरॉइडची) आणि प्रोलॅक्टिन (दूध आणणाऱ्या संप्रेरकाची) या रक्ततपासण्या आत्ताच करून घ्या.