नववीच्या पोरांना मतमोजणीच्या पद्धती शिकवायच्या की नाही?

मास्तर_कोरेगाव:
सहलीला कुठं जायचं यावर वर्गात चिठ्ठ्या टाकून घेतल्या. पट ४२. कासला १७, सज्जनगडाला १४, चाफळला ११. कासवाल्यांनी बाकं बडवली. मी फळ्यावर लिहिलं, 'कास नको म्हणणारे २५'. वर्ग गप्प. दुसरी पसंतीही लिहून घेतली होती. चाफळ बाद केलं आणि त्या ११ चिठ्ठ्या पुन्हा वाटल्या. ९ सज्जनगडाकडे, २ कासकडे. सज्जनगड २३, कास १९. चिठ्ठ्या त्याच, निकाल उलटा. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, मग खरं कोण जिंकलं?"

दुसऱ्या दिवशी एक पालक दारात हजर, "पोरांना राजकारण शिकवताय का?" मतदान हा हक्क आहे एवढं सांगून आपण धडा संपवतो. पण १९८४ ला काँग्रेसला निम्म्याहून कमी मतांत चारशेच्या वर जागा मिळाल्या, २०१४ ला भाजपला ३१ टक्के मतांत २८२. हे कसं होतं, ते पोरांना कळायला नको?

जुना_पालक:
नको. गावात सरपंचकीच्या पायी भावकी फुटते, वर्ष वर्ष बोलणं बंद असतं. म्हणून शहाणी गावं बिनविरोधच्या मागे असतात. तेच वर्गात कशाला? आणि पद्धत तरी कुठली शिकवणार? सरपंच २०१७ ला थेट जनतेतून, २०२० ला सदस्यांतून, २०२२ ला परत थेट. मोठ्यांचंच अजून ठरेना.

कडेगावची_सून:
दादा, ठरेना म्हणूनच शिकवायला हवं. माझ्या माहेरी दारू दुकान बंद करायला बायांचं मतदान झालं. आडवी बाटली म्हणजे बंद, उभी म्हणजे चालू. आडवीला २९८ पडली, उभीला ९०. आम्ही गुलालाची पुडी फोडणारच होतो, तर साहेब म्हणाले, ठराव पडला. गावात महिला मतदार ६१२, आणि आडवीला लागतात एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त, आलेल्यांच्या नव्हे. म्हणजे ज्या बाया भांगलणीला गेल्या, त्या सगळ्या उभ्या बाटलीत मोजल्या गेल्या म्हणा. हा हिशेब आधी कळला असता तर बांधावर जाऊन एकेकीला आणलं असतं. अजून जीव जळतो.

सांगलीकर_७२:
ताई, तुमचा हिशेब पटला. तसली अट नसली तर काय होतं तेही बघा. २०१६ ला ब्रिटननं ५१.९ विरुद्ध ४८.१ वर युरोपीय संघ सोडायचं ठरवलं. साधं बहुमत, खेळ खलास.

पण माझा आक्षेप वेगळा आहे. सार्वमत म्हणजे लोकांनी थेट ठरवलं, असं पोरांना भरवू नका. प्रश्न लिहिणाराच अर्धा निकाल लिहितो. गोव्यात १६ जानेवारी १९६७ ला कौल घेतला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं तर फूल, केंद्रशासित राहायचं तर दोन पानं. दोन पानं जिंकली. पण गोव्याचं स्वतंत्र राज्य, हा तिसरा पर्याय मतपत्रिकेवर नव्हताच. ते १९८७ ला झालं, तेव्हा कुणी कौल घेतला नाही. आपल्या घटनेतही सार्वमताची तरतूद नाही, ते बरंच आहे.

जुना_पालक:
बरोबर. आणि मास्तर, पसंतीक्रम शिकवताय तर आधी तुमच्या स्टाफरूममध्ये शिकवा. पुणे शिक्षक मतदारसंघात १, २, ३ असे आकडे लिहायचे असतात. तिथं बरोबरची खूण करून मत बाद करणारे गुरुजी मला ठाऊक आहेत 😄

मास्तर_कोरेगाव:
😄 हे झोंबलं, पण खरं आहे. आमच्यातल्याही एकाचं गेलं. वर्गात शिकलेलं नसलं की असंच होतं, तुम्ही माझीच बाजू मांडताय.
सांगलीकर, सार्वमताचं तुमचं म्हणणं मान्य. दोन्ही बाजू सांगेन.

सांगलीकर_७२:
मग एक विचारतो. सहलीची तीन ठिकाणं कुणी ठरवली?

मास्तर_कोरेगाव:
मीच. पोरं प्रतापगड म्हणत होती, एसटीचं भाडं परवडेना म्हणून काढला.

सांगलीकर_७२:
पोरांना सांगितलंत हे?

मास्तर_कोरेगाव:
नाही. सोमवारी सांगतो.

कडेगावची_सून:
भाड्याचा आकडा पण सांगा हो. वर्गणी काढतील पोरं.