नवे खेळ, जुना संगणक: फक्त ग्राफिक्स कार्ड बदलावे की सगळेच?

गोदाकाठ (नांदेड)

नमस्कार. २०१९ साली मी पगारातून थोडे थोडे बाजूला ठेवून एक संगणक जोडून घेतला. त्यात रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८ जीबीच्या दोन रॅम, ६ जीबीचे जीटीएक्स १०६० कार्ड आणि ४५० वॉटचा एसएमपीएस (वीजपुरवठा करणारा भाग) आहे. मॉनिटर २४ इंची, १९२०×१०८० चा आणि ६० हर्ट्झचा आहे. इतकी वर्षे कुरकुर न करता चाललेल्या या संगणकावर आता 'डूम: द डार्क एजेस' सुरूच होत नाही, आणि 'सायबरपंक २०७७' मध्यम सेटिंगवर चालतो खरा, पण बाजारातल्या गर्दीत शिरले की अडखळतो.

माझ्याकडे ४० हजार रुपये आहेत. घरी शेती असली तरी सोयाबीनच्या पैशाला हात लावायचा नाही असे मी ठरवले आहे, त्यामुळे एकदा खर्च केला की पुढची तीन-चार वर्षे मोठी खरेदी होणार नाही. ज्या दुकानात चौकशी केली तेथे 'हे सगळे मोडीत काढा आणि नव्या पिढीच्या प्रोसेसरचा एएम५ बोर्ड आणि नव्या पिढीची डीडीआर५ रॅम घ्या' असे सांगण्यात आले. तो हिशेब माझ्या रकमेच्या दुपटीपुढे जातो. शिवाय 'ग्रँड थेफ्ट ऑटो ६' येणार आहे, त्याची तयारी आतापासूनच करून ठेवावी का, हाही प्रश्न आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जोडणीकार (लातूर)

मी लातुरात अकरा वर्षे संगणक जोडणी आणि दुरुस्तीचे काम करतो. माझ्याकडे येणारे निम्मे लोक कोणता भाग कमी पडतो हे न तपासताच नवा भाग मागतात, म्हणून खिशात हात घालण्यापूर्वी आपण दोन गोष्टी कराव्यात.

पहिली म्हणजे रॅमचा वेग पाहावा. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर तो आकडा दिसतो. आपल्या रॅमवर ३२०० लिहिलेले असले आणि तेथे २४०० दिसत असले, तर बायोसमधील (बोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरमधील) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगावर चालवणारी सेटिंग, जोडणाऱ्याने सुरूच केलेले नाही असे समजावे. रायझनमध्ये प्रोसेसरच्या अंतर्गत दुव्याचा वेग रॅमच्या वेगाशी बांधलेला असतो, त्यामुळे ही चूक इतर प्रोसेसरपेक्षा येथे अधिक जाणवते. २६०० साठी अधिकृत मर्यादा २९३३ ची आहे, तेवढ्यावर ठेवावे.

दुसरी गोष्ट अशी की, जेथे खेळ अडखळतो त्याच जागी उभे राहून रिझोल्यूशन १९२०×१०८० वरून १२८०×७२० वर आणावे आणि बाकी एकही सेटिंग बदलू नये. फ्रेम (सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रे) भरपूर वाढल्या तर कार्ड कमी पडते आहे. तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसर. रिझोल्यूशन कमी केल्याने कार्डाचे काम हलके होते, पण गर्दीतल्या माणसांची हालचाल आणि रहदारी यांचा हिशेब करणाऱ्या प्रोसेसरचे काम जवळपास तेवढेच राहते. आकडे येथे लिहावेत, मग बोलू.

बालाघाट (अंबाजोगाई)

चाचणीबद्दल दुमत नाही, पण त्याच्याही आधीचा प्रश्न मला विचारावासा वाटतो: आपण येत्या वर्षभरात नेमके कोणते खेळ खेळणार आहात? मी स्वतः रात्री मुले झोपल्यावर तासभर खेळते, आणि मागच्या खेपेला ज्या खेळासाठी कार्ड घेतले तो खेळ अजून अर्धाही झालेला नाही.

डूमचे म्हणाल तर त्यात प्रकाशाचा हिशेब पूर्णपणे रे ट्रेसिंगवर (प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून चित्र काढण्याच्या पद्धतीवर) बसवलेला आहे आणि ती सोय बंद करता येत नाही. 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल'चेही तेच. जीटीएक्स १०६० मध्ये रे ट्रेसिंगचे हार्डवेअर नाही, त्यामुळे सेटिंग कितीही खाली आणले तरी उपयोग नाही. दोन्ही खेळांची किमान अपेक्षा आरटीएक्स २०६० सुपर किंवा आरएक्स ६६०० या कार्डाची आहे. मात्र त्याच यादीत प्रोसेसरही पाहावा: इंडियाना जोन्सला किमान रायझन ५ ३६०० आणि डूमला तर आठ कोरचा रायझन ७ ३७००एक्स मागितला आहे. म्हणजे नुसते कार्ड घेतल्याने कागदावरची अट पुरी होत नाही. याउलट 'ब्लॅक मिथ: वुकाँग'च्या किमान यादीत आपलेच १०६० कार्ड आहे, १३० जीबी जागा तेवढी लागेल.

आणि 'ग्रँड थेफ्ट ऑटो ६'साठी आज एक रुपयाही खर्च करू नये. जाहीर झालेली १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सीरिज यांच्यासाठी आहे, संगणकासाठी नाही. याच मालिकेतला पाचवा खेळ कन्सोलवर सप्टेंबर २०१३ मध्ये आला आणि संगणकावर एप्रिल २०१५ मध्ये. बाशिंग बांधण्याची घाई कशाला?

गोदाकाठ (नांदेड)

दोघांचेही आभार. रॅमचा वेग खरोखरच २४०० होता! इतकी वर्षे मी विकत घेतलेला वेग वापरलाच नाही. २९३३ केल्यावर अडखळणे थोडे कमी झाले. त्यानंतर सायबरपंकमध्ये बाजाराच्या त्याच चौकात ४१ फ्रेम मिळाल्या, १२८०×७२० वर ५८ झाल्या, आणि त्याहून खाली नेले तरी ५८ च्या पुढे आकडा गेला नाही. याचा अर्थ कसा लावावा?

जोडणीकार (लातूर)

अर्थ सरळ आहे. आज ४१ वर अडवणारे आपले कार्ड आहे. ते बदलले की ५८ च्या आसपास प्रोसेसर अडवील. आपला मॉनिटर ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० चित्रेच दाखवणारा, असल्यामुळे ही दुसरी अडवणूक आपल्याला फारशी दिसणारही नाही. १४४ हर्ट्झचा मॉनिटर असता तर मी वेगळे सांगितले असते. रे ट्रेसिंग सुरू केल्यावर प्रोसेसरचे काम वाढते, त्यामुळे डूममध्ये तो कमी पडेल हे बालाघाट ताईंचे म्हणणे खरे आहे. पण बी४५० बोर्डावर बायोस अद्ययावत करून रायझन ५००० मालिकेतला प्रोसेसर बसतो, तेव्हा बोर्ड आणि रॅम मोडीत काढण्याचे कारण नाही. कार्ड आधी घ्यावे, आणि पुढे सवडीने ५६०० किंवा आठ कोरचा ५७००एक्स. दोन्ही ६५ वॉटचेच आहेत.

कार्ड निवडताना एक गोष्ट दुकानात सहसा कोणी सांगत नाही. आपल्या बोर्डावरचा कार्डाचा स्लॉट पीसीआय एक्सप्रेस या जोडणीच्या तिसऱ्या पिढीचा आहे. आरटीएक्स ५०६० हे कार्ड सोळाऐवजी आठच लेन (माहिती ये-जा करण्याच्या वाटा) वापरते. नव्या बोर्डावर त्याने काही बिघडत नाही, पण तिसऱ्या पिढीच्या स्लॉटवर आठ लेन म्हणजे सेकंदाला साधारण ८ जीबीचीच वाट उरते. खेळाचा माल कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत मावतो तोवर ही वाट अरुंद असली तरी चालते. मात्र त्या कार्डावर मेमरीही ८ जीबीच आहे. ती भरली की उरलेला माल रॅममधून त्याच अरुंद वाटेने ये-जा करू लागतो आणि खेळ झटके खातो. याउलट आरएक्स ९०६० एक्सटी सोळा लेन वापरते आणि १६ जीबीच्या प्रकारात मिळते. आपल्या जुन्या बोर्डासाठी मी तेच सुचवीन, जरी ते आपल्या रकमेच्या काठावर जाणारे असले तरी. ४० हजारांत बसत नसेल तर महिनाभर थांबावे, पण केवळ बसते म्हणून ८ जीबीचे घेऊ नये.

कापूसपट्टा (परभणी)

वरच्या सल्ल्यात आपल्या भागातली वीज आणि ऊन राहून गेले आहे. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२-४३ वर जातो. खोली दहा अंशांनी तापली की कार्डाचे तापमानही जवळपास तेवढ्याने चढते, आणि मग ते स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. त्यामुळे परदेशी चाचण्यांत दिसणारे आकडे आपल्याकडे दुपारी मिळतीलच असे नाही. पाण्याच्या कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर सोडू नये. ओलसर हवेने धूळ आणि कापसाचा तंतू जाळीवर असा चिकटतो की ब्रशनेही निघत नाही. हा उद्योग मी दोन उन्हाळे करून पाहिला आहे.

आरएक्स ९०६० एक्सटीचे १६ जीबीचे कार्ड १६० वॉटचे आहे आणि त्याला कंपनीने ४५० वॉटचा एसएमपीएस पुरेसा म्हटला आहे, पण आपला एसएमपीएस २०१९ चा आहे आणि विजेचे कितीतरी चढउतार त्याने सोसले असतील. तो कॅबिनेटसोबत आलेला बिनानावाचा असेल, तर कार्डासोबत तोही बदलावा. वाचवलेले तीन-चार हजार पुढे बोर्ड आणि कार्ड दोन्ही घेऊन जातात.

बायोसबद्दल विशेष काळजी घ्यावी. बायोस लिहिले जात असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. माझा एक बोर्ड असाच गेला, तेही वीज जाण्याची वेळ ठाऊक असताना. यूपीएसची बॅटरी जुनी असेल तर आधी ती बदलावी. आणि बायोस जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच करावे, कारण जुन्या बायोसला नवा प्रोसेसर ओळखता येत नाही व पडदा काळाच राहतो.

गोदाकाठ (नांदेड)

एसएमपीएस उघडून पाहिला. नाव आहे, पण ते कधी ऐकलेले नाही, त्यामुळे तो बदलायचे ठरवले आहे. त्या खर्चामुळे १६ जीबीचे कार्ड एका पगाराने पुढे गेले. तोवर वुकाँग सुरू करतो, तेथे १०६० चालते. प्रोसेसर आणि डूम दिवाळीनंतर पाहू. यूपीएसची बॅटरी मात्र उद्याच आणतो, कारण हे लिहिता लिहिता वीज दोनदा गेली.