ठिपका आला!
'ऑपरेटर डुलक्या काढायचा म्हणून पिक्चर तुटायचा' असं जुन्या टॉकीजबद्दल कुणीतरी लिहिलंय, ते काही पटलं नाही. २००० फुटांचं रीळ जेमतेम २२ मिनिटं चालायचं. तीन तासांच्या पिक्चरला सात-आठ वेळा रीळ संपलं की एका प्रोजेक्टर मशीनवरून दुसऱ्यावर उडी, डुलकी काढणार कधी?

ठाण्याच्या वंदना टॉकीजला मामाने मला पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात रीळ संपत आल्याची खूण म्हणून क्षणभर चमकणारा ठिपका दाखवला होता. पहिला दिसला की ऑपरेटरने दुसरं मशीन सुरू करायचं, सातआठ सेकंदांनी पुन्हा दिसला की चित्र त्यावर घ्यायचं. तेव्हापासून माझं निम्मं लक्ष त्या कोपऱ्यातच. 'आला!' म्हणून ओरडलो की पुढच्या रांगेतल्या काकू वळून बघायच्या. आता वंदना म्हटलं की पोरांना फक्त एसटी स्टँड माहीत.