बुद्धिबळाच्या साइटवर मराठी शब्दखेळ जोडायचाय: सोंगट्या, कोश आणि सर्व्हर

पटावरचा_उंट
मंडळी, आमच्या साइटवर सध्या बुद्धिबळ, ऑथेल्लो आणि ९×९ गो चालतो. चाल वेबसॉकेटवरून (ब्राउझर आणि सर्व्हरमधली सतत उघडी जोडणी) येते, सर्व्हर ती तपासतो आणि अख्खा पट दोन्ही खेळाडूंना आणि प्रेक्षकांना पाठवतो. मानांकन ग्लिको-२ पद्धतीचं (डावांच्या निकालावरून खेळाडूची ताकद मोजणारं) आहे. याच सांगाड्यावर १५×१५ पटाचा, पट्टीवर ७ सोंगट्यांचा, स्क्रॅबलसारखा मराठी शब्दखेळ बसवायचा आहे: पिशवीतून अक्षरांच्या सोंगट्या काढायच्या आणि पटावर आडवे-उभे शब्द जुळवायचे. एका घरात काय ठेवायचं, पूर्ण अक्षर की व्यंजन आणि मात्रा वेगवेगळ्या? शब्द बरोबर की चूक हे कशावरून ठरवायचं? आणि बुद्धिबळ डोळ्यासमोर ठेवून लिहिलेल्या सर्व्हरमध्ये काय मोडेल?

अक्षरजुळारी
घरात अक्षर, सोंगटीवर व्यंजन. वर्तमानपत्रातल्या शब्दकोड्यात एका चौकोनात एक अक्षर लिहायची सवय सगळ्यांना आहे, ती मोडू नका. पण प्रत्येक अक्षराची सोंगटी करायला गेलात तर सगळी बाराखडी आणि वर जोडाक्षरं, म्हणजे पिशवीच पुरणार नाही. मात्रांच्या वेगळ्या सोंगट्या केल्या तर पट्टीवर चार वेलांट्या आणि तीन उकार येऊन खेळ अडतो. म्हणून मात्रा आणि अनुस्वार फुकट द्या. सोंगटी ठेवताना खेळाडू मात्रा निवडेल, आणि एकदा लागली की ती मात्रा पक्की. क-म-ल या तीन सोंगट्यांतून कमल, कमाल, कोमल काहीही होतं, पण आडव्या शब्दाने 'को' ठेवला की उभ्या शब्दालाही 'को'च घ्यावा लागतो. डावपेच तिथेच येतात.

जोडाक्षरात एका घरात दोन सोंगट्या रचू द्या आणि दोन्हींचे गुण मोजा. 'पुस्तक' तीन घरांत बसतो, सोंगट्या चार लागतात. स्वरांसाठी एकच 'अ' सोंगटी, तीवर आ-इ-उ काहीही. ज्ञ स्वतंत्र ठेवा, ङ आणि ञ पिशवीत नकोतच.

आता मोजणी. 'क्षत्रिय' हा शब्द जावास्क्रिप्टच्या लेंग्थला ८ वाटतो. युनिकोडच्या जुन्या ग्राफीम नियमाने (एकसंध चिन्ह कुठे तुटतं ते ठरवणारा नियम) त्याचे ५ तुकडे पडतात आणि आपल्याला हवीत ३ अक्षरं. देवनागरी जोडाक्षर एकसंध धरायचा नियम युनिकोडमध्ये २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला. ब्राउझर आणि सर्व्हरमधली युनिकोड लायब्ररी वेगळ्या आवृत्तीची असेल तर एकाला पाच घरं दिसतील, दुसऱ्याला तीन, आणि वैध चाल नाकारली जाईल. इंटल-सेगमेंटरवर (जावास्क्रिप्टची मजकूर तोडायची तयार सोय) विसंबू नका. स्वतःचा छोटा रेजेक्स (मजकुरातला नमुना ओळखणारं सूत्र) लिहा: (व्यंजन, हलंत) शून्य किंवा अधिक वेळा, मग व्यंजन, मग असल्यास मात्रा, मग असल्यास अनुस्वार किंवा विसर्ग, नाहीतर सुटा स्वर आणि असल्यास त्यावरचा अनुस्वार किंवा विसर्ग. तोच रेजेक्स दोन्हीकडे वापरा.

सगळ्यात वाईट खड्डा 'ऱ्य'चा. हे दोन प्रकारे टंकलं जातं: ऱ (यू+०९३१) आणि हलंत, किंवा साधा र, हलंत आणि झेडडब्ल्यूजे (अक्षरांची जोडणी ठरवणारं अदृश्य चिन्ह). यादी साफ करताना अदृश्य चिन्हं सरसकट उडवलीत की दुसऱ्या प्रकारे टंकलेल्या 'दऱ्या'चा 'दर्या' होतो, म्हणजे डोंगरातून थेट समुद्रात. आधी दुसरा प्रकार पहिल्यात बदला, मग एनएफसी (एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या युनिकोड रूपांचं एक रूप करणं), आणि झेडडब्ल्यूजे त्यानंतरच काढा.

शब्दपारखी
वरचं सगळं मान्य. कोशाबद्दल लिहितो.

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती कॉपीराइटमुक्त आहे आणि शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येते. पण तिचं लेखन १९६२ च्या शुद्धलेखन नियमांच्या फार आधीचं: नांव, कांटा, करणें. अनुच्चारित अनुस्वार यंत्राने काढायला गेलात तर 'चिंच'चाही अनुस्वार जाईल. आधुनिक हनस्पेल (शुद्धलेखन तपासणारं सॉफ्टवेअर) यादीशी ताडून जे जुळतील ते आपोआप घ्या, उरलेले माणसाने बघायचे. प्रत्येक स्रोताचा परवानाही आधी वाचा, कारण मिश्र यादीला त्यातल्या सगळ्याच परवान्यांच्या अटी पाळाव्या लागतात.

खरा वाद विभक्तीचा होईल. झाड आणि झाडे चालतील, पण झाडाला, झाडाचा, झाडासमोरच्याला? प्रत्यय एकावर एक चढत जातात, तिथे कुंपण घालावंच लागतं. माझं मत: नामाचं प्रथमेचं एकवचन आणि अनेकवचन, विशेषणाची लिंग-वचनाची रूपं, अव्ययं, क्रियापदाचं फक्त 'णे'चं रूप. सामान्यरूपं नाहीत, विशेषनामं नाहीत. कुणाला आवडो न आवडो, नियम एका ओळीत सांगता आला पाहिजे.

यातून एक परिणाम निघतो, तो पिशवी भरण्याआधी बघा. 'णे' चालतं म्हटल्यावर सगळी क्रियापदं ण वर संपतात. म्हणजे इंग्रजी खेळातल्या 'एस'सारखी ही सोंगटी हुकमी. तिच्या फार तर ३-४ सोंगट्या ठेवा, नाहीतर पटाच्या उजव्या कडेला नुसती 'णे'ची रांग लागेल. आणि सोंगट्यांचं प्रमाण वर्तमानपत्राच्या मजकुरावरून काढू नका. स्क्रॅबल रचणाऱ्या बट्स यांनी वृत्तपत्रांतली अक्षरं मोजली होती, इंग्रजीत ते चाललं. मराठी मजकुरात 'आहे' आणि '-च्या' यांचा इतका भरणा असतो की च, य, ह उगाच फुगतात. खेळाच्या अंतिम यादीतले शब्द मोजा, त्यातही २ ते ५ अक्षरी शब्दांना जास्त वजन द्या, कारण पटावर तेच लागतात.

बंद_पिशवी
सर्व्हर. बुद्धिबळात लपवायला काही नसतं, म्हणून तुमचा कोड अख्खी स्थिती सगळ्यांना पाठवतो. इथे तसंच केलंत तर ब्राउझरची डेव्हलपर खिडकी उघडून कुणीही समोरच्याची पट्टी वाचेल. एका डावाची तीन दृश्यं करा: पहिला खेळाडू, दुसरा खेळाडू, प्रेक्षक. प्रेक्षकाला एकही पट्टी नाही. पिशवीचा क्रम सर्व्हरबाहेर जाता कामा नये. डाव सुरू होताना क्रम आणि एक लांब यादृच्छिक मजकूर यांचा एसएचए-२५६ हॅश (मजकुराचा ठसा, ज्यावरून मूळ मजकूर काढता येत नाही) दाखवा, संपल्यावर दोन्ही उघड करा. मग 'माझ्यावरच ळ का?' या तक्रारींना उत्तर आपोआप मिळतं.

नवी सोंगटी हातात आली की चाल मागे घेणं बंद. शब्दयादीला आवृत्ती क्रमांक द्या आणि तो डावाच्या नोंदीत साठवा, नाहीतर यादी बदलली की जुने डाव पुन्हा चालवताना अवैध ठरतील. अवैध शब्द सर्व्हरने सरळ नाकारावा, पाळी जाऊ नये. आव्हानाचा नियम (समोरच्याने हरकत घेतली तरच शब्द तपासायचा) मराठीत भांडणंच लावेल. पण नाकारलेले शब्द नोंदवत राहा, पुढच्या यादीसाठी तोच उत्तम कच्चा माल.

यादी डीएडब्ल्यूजीमध्ये (शब्द झटपट शोधायची जाळीसारखी रचना) भरताना एकक कोडपॉइंट (युनिकोडचा एकेक क्रमांक) नको, अक्षर हवं. प्रत्येक अक्षराला १६ बिटी क्रमांक द्या.

मोबाइलवर टंकायला लावू नका. अँड्रॉइडचे कीबोर्ड कीडाउनला (कळ दाबल्याची खबर) बहुतेक वेळा २२९ हा एकच आकडा देतात, म्हणजे कोणती कळ दाबली ते कळत नाही. सोंगटीवर बोट ठेवलं की वर मात्रांची पट्टी उघडू दे. पानाला भाषा 'एमआर' (मराठीचा कोड) लावा, म्हणजे नोटो सॅन्स देवनागरी या फाँटमध्ये श आणि ल मराठी वळणाचे येतात. घराला ओव्हरफ्लो हिडन (घराबाहेर जाणारा भाग लपवणारी मांडणी) असेल तर 'र्की'चा रफार कापला जातो.

उलटी_चाल
मानांकनाचं कुणी बोललं नाही. वेगळा गट करा, बुद्धिबळाचा आकडा आणू नका. पिशवीच्या नशिबामुळे एका डावावरून फार कळत नाही. फ्रेंच भाषक खेळाडूंत डुप्लिकेट प्रकार रूढ आहे: सगळ्यांना तीच पट्टी, ठरावीक वेळ, ज्याला त्याला आपल्या शब्दाचे गुण, पटावर मात्र सर्वाधिक गुणांचा शब्द. नशीब जवळपास शून्य. तुमच्या साइटला हाच शोभेल.

बंद_पिशवी
@उलटी_चाल, त्यात अडवणूक जाते, हातात काय राखायचं हा विचारही जातो. गो खेळणाऱ्याला तेच हवं असतं. स्पर्धेसाठी डुप्लिकेट, रोजच्या मानांकनासाठी दोघांचाच डाव. घड्याळ प्रत्येकी १५ मिनिटं. इंग्रजी स्क्रॅबलच्या प्रत्यक्ष स्पर्धांत प्रत्येकी २५ मिनिटं आणि जास्तीच्या मिनिटाला १० गुण दंड असतो.

पटावरचा_उंट
आभारी आहे. नाव 'स्क्रॅबमराठी' ठेवलं तर?

शब्दपारखी
नको. कोलकात्याच्या अगरवाला बंधूंच्या 'स्क्रॅब्युलस'वर २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात खटला झाला. पटावरचा कॉपीराइटचा दावा एकल न्यायाधीशांनी मानला नाही, पण नावावर मनाई आली. पुढे तो खेळ 'लेक्सुलस' झाला. नाव, घरांचे रंग आणि बोनस (जास्त गुण देणाऱ्या) घरांची मांडणी स्वतःची करा, आणि सुरू करण्याआधी वकिलाला एकदा दाखवा.